४ जूनचं पत्रक

प्रायमरी म्हटलं की आपल्याला पाटी-पेन्सिलवाली प्रायमरी शाळाच आठवते. अमेरिकेत मात्र प्रायमरी म्हणजे निवडणुकीच्या आधीची निवडणूक. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. तिकडे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, यावर राज्याराज्यांतले लोक मत देतात. त्यासाठी वाटलेली पत्रकं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. चुकून उरलेली म्युझियममध्ये किंवा एखाद्या छांदिष्ट माणसाच्या फाइलीत जाऊन बसतात. १९६८ च्या कॅलिफोर्निया प्रायमरीतली केनेडीची पत्रकं अशीच जपून ठेवली जातात. जमवणारे आधी त्यावर छापखान्याच्या कामगार संघटनेचा मुंगीएवढा शिक्का शोधतात. तो असला की कागद अस्सल असण्याची शक्यता वाढते. त्या शिक्क्याला म्हणतात ‘बग’! (कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये.)

हा केनेडी म्हणजे जॉन नव्हे, त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट. घरचा बॉबी. जन्म २० नोव्हेंबर १९२५. नऊ भावंडांत सातवा, अंगाने किरकोळ, स्वभावाने लाजरा. घरात पैसा भरपूर होता, पण वडिलांचं लक्ष थोरल्या मुलांवर. सगळ्यात मोठा जो १९४४ मध्ये युद्धात गेला आणि वडिलांची सगळी स्वप्नं जॉनच्या खांद्यावर आली. बॉबीच्या वाट्याला आलं ते मागे राहून काम करणं. १९५२ मध्ये त्याने जॉनची सिनेटची निवडणूक सांभाळली, १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची. पोस्टरवर चेहरा भावाचा, शिव्या खायला बॉबी!

जॉन निवडून आल्यावर पस्तिसाव्या वर्षी तो थेट अ‍ॅटर्नी जनरल झाला. घराणेशाही काय फक्त आपल्याकडेच असते? कोर्टात वकिली केल्याचा अनुभव नाही आणि देशाचं न्याय खातं हातात. बोंबाबोंब झालीच. पण १९६२ मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं, तेव्हा रशियाच्या राजदूताला गुपचूप भेटून तोडगा काढायला हाच माणूस गेला होता.

त्याला देव बनवण्यात मात्र अर्थ नाही. १९५३ मध्ये त्याने काही महिने सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या हाताखाली काम केलं होतं. जिथे तिथे कम्युनिस्ट शोधून लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त करणारा तोच हा मॅकार्थी. आणि १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोन चोरून ऐकायला परवानगी दिली ती बॉबीनेच. हे वाचल्यावर माझा तर मूडच गेला होता.

२२ नोव्हेंबर १९६३ ला जॉनचा खून झाला. बॉबी पार कोसळला. कित्येक महिने तो कोणात मिसळत नव्हता, ग्रीक शोकांतिका आणि ग्रीक विचारवंतांवरची पुस्तकं वाचत बसायचा. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमधून सिनेटवर निवडून आला, पण हा वेगळा बॉबी होता. १९६७ मध्ये मिसिसिपीत त्याने झोपड्यांत शिरून उपाशी मुलं पाहिली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात पोट फुगलेली मुलं! मार्च १९६८ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचा नेता सेझार चावेझ याच्याकडे गेला. गांधीजींना मानणाऱ्या चावेझने २५ दिवसांचा उपवास केला होता. तो सोडताना बॉबी शेजारी बसला होता.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ मार्चला, त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. इथेही लोक चिडलेच, आणि मला वाटतं बरोबरच चिडले. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात युजीन मॅकार्थी (हा वेगळा!) आधीपासून राष्ट्राध्यक्ष जॉन्सनशी लढत होता. कॉलेजची पोरं त्याच्यासाठी थंडीत दारोदार फिरली होती. १२ मार्चच्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत त्याने जॉन्सनला घाम फोडला आणि मग हे महाशय मैदानात उतरले. पीच कसं आहे ते बघून बॅटिंगला यावं तसं! ३१ मार्चला जॉन्सननेच माघार घेतली.

४ एप्रिलला बॉबी इंडियानापोलिसमध्ये होता. सभेला जमलेल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकांना किंग यांचा खून झाल्याचं माहीतच नव्हतं. ते त्याने सांगितलं. लिहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि आपल्याही भावाला एका गोऱ्यानेच मारलं, हे पहिल्यांदा जाहीरपणे बोलला. त्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत शंभराहून जास्त शहरं पेटली. इंडियानापोलिस शांत राहिलं.

मेमध्ये इंडियाना जिंकलं, नेब्रास्का जिंकलं, ओरेगन हरला. केनेडी घराण्यातलं कोणी निवडणूक हरण्याची ती पहिलीच वेळ. आता सगळं कॅलिफोर्नियावर होतं. चावेझचे शेतमजूर त्याच्यासाठी घरोघर फिरले. आयुष्यभर मळे-शेतं दुसऱ्यांची पिकवलेली ही माणसं मतं मागत होती एका करोडपतीच्या मुलासाठी, हे जरा विचित्रच. पण त्यांच्या वस्त्यांमध्ये लोक रांगा लावून मतदानाला आले. ४ जूनला तो जिंकला: सुमारे ४६ टक्के विरुद्ध ४२.

मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसिडर हॉटेलात आभाराचं भाषण करून तो किचनच्या वाटेने निघाला. तिथे सरहान सरहानने गोळ्या झाडल्या. हॉटेलात काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराशी तो हात मिळवत होता. तोच पोरगा फरशीवर त्याचं डोकं हाताने सावरून बसला. ६ जूनला बॉबी गेला. वय ४२.

उमेदवारी मिळाली ह्यूबर्ट हम्फ्रीला, एकही प्रायमरी न लढता! तेव्हा थोड्याच राज्यांत प्रायमरी व्हायची, बाकी सगळं पक्षातले बडे लोक ठरवायचे. त्यावरून शिकागोच्या अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर रणकंदन झालं, पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीला खरी किंमत आली.

८ जूनला त्याचं पार्थिव रेल्वेने न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेलं. एरवी चार तासांचा तो प्रवास, पण रुळांच्या दोन्ही बाजूंना एवढे लोक उभे होते की गाडीला आठ तासांच्या वर लागले. आर्लिंग्टनला जॉनच्या जवळच त्याला पुरलं, तेव्हा रात्र झाली होती. पत्नी एथेल गरोदर होती. त्यांचं अकरावं मूल, एक मुलगी, डिसेंबरात जन्मली.