बरगडीआडची जखम

लंडनच्या पोलिसांना आजही ‘बॉबी’ म्हणतात, ते रॉबर्ट पील यांच्या नावावरून. १७८८ मध्ये इंग्लंडमधील बरी येथे जन्मलेल्या पील यांनी गृहमंत्री असताना १८२९ मध्ये लंडनचे पोलिस दल उभारले. पुढे ते दोनदा पंतप्रधान झाले. आयात धान्यावरील जाचक कर त्यांनी १८४६ मध्ये रद्द केला. त्यात सत्ता गेली, पण गरिबांची भाकरी स्वस्त करणारा नेता म्हणून ते लोकांच्या मनात राहिले.

२९ जून १८५० रोजी लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिल रस्त्यावर त्यांचा घोडा बिथरला. पील खाली पडले आणि घोडा अडखळून त्यांच्याच अंगावर आला. त्यांना घरी नेले. खांद्याजवळचे कॉलरबोन मोडल्याचे दिसत होते. पण वेदना इतक्या असह्य होत्या, की डॉक्टरांना छाती नीट तपासताच आली नाही. मोडलेल्या हाडाखाली सूज आली आणि ती नाडीसारखी उडू लागली. आत मोठी रक्तवाहिनी फाटल्याची ती खूण होती. २ जुलैच्या रात्री वयाच्या ६२व्या वर्षी ते गेले. बरगडीही मोडली होती, हे मृत्यूनंतर कळले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा ४५ वर्षे अवकाश होता.

छातीला मुका मार लागलेला असा रुग्ण आज आला, तर डॉक्टर आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि रक्ताभिसरण पाहतात. खाटेजवळच सोनोग्राफी होते. फुप्फुसाभोवती रक्त किंवा हवा साठून श्वास कोंडत असेल, तर बरगड्यांमधून नळी घालून ती बाहेर काढतात. वेदनाशमनही लगेच सुरू होते. कारण दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. फाटलेली रक्तवाहिनी सीटी स्कॅनमध्ये शोधून स्टेंटने किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येते.

दुचाकीवरून पडल्यावर किंवा स्टिअरिंग छातीवर आदळल्यावर वरून खरचटलेलेही नसेल, तरी दम लागणे, थुंकीत रक्त, चक्कर किंवा वाढती सूज दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छाती घट्ट बांधू नये; त्याने श्वास आणखी अडतो.