विश्लेषण : विषारी कंदाने अंथरुणाला खिळवले, आणीबाणीने तुरुंगात पाठवले; 'ऋतुचक्र' आणि 'खमंग' लिहिणाऱ्या दुर्गा भागवत कोण होत्या?

फाल्गुन लागला की देवरी-सालेकसा रस्त्याच्या कडेचा पळस पेटतो. थोड्याच दिवसांत मोह गळू लागतो आणि पहाटे टोपल्या घेऊन माणसे झाडाखाली दिसतात. आपण गाडी थांबवतो, फोटो काढतो, स्टेटसला टाकतो आणि पुढे निघतो. मराठीत एका बाईंनी याच गोष्टींकडे, म्हणजे झाड, फूल, कंद, पदार्थ, लोकगीत यांच्याकडे आयुष्यभर थांबून पाहिले. त्यांचे नाव दुर्गा भागवत.

शाळेच्या पुस्तकातून हे नाव बहुतेकांना माहीत असते. पण 'निसर्गावर सुंदर लिहिणाऱ्या लेखिका' एवढीच ओळख ठेवली तर अर्धी गोष्ट सुटते.

एका घरातल्या दोन बहिणी

दुर्गाबाईंचा जन्म 10 फेब्रुवारी 1910 रोजी इंदूरचा. घर शिकलेले, वडील रसायनशास्त्रातले. धाकट्या बहिणीने तीच वाट धरली. त्या कमला सोहोनी. केंब्रिजमधून पीएचडी मिळवणाऱ्या आणि विज्ञान विषयात ही पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. दूध, डाळी, नीरा यांतली पोषकद्रव्ये हा त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणजे एक बहीण अन्न प्रयोगशाळेत तपासत होती आणि दुसरी तेच अन्न चुलीपाशी, सणात, लोककथेत शोधत होती. मला विचाराल तर हे घर हाच एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुर्गाबाई मुंबईत शिकल्या. स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी मध्येच कॉलेज सोडले, नंतर पुन्हा शिक्षण सुरू केले. बौद्धकालीन न्यायव्यवस्थेवर अभ्यास केला आणि मग आदिवासी समाजाकडे वळल्या.

मध्य प्रांतातले रान आणि तो सुरण

या अभ्यासासाठी त्या मध्य प्रांताच्या जंगलांत हिंडल्या. तेव्हाचा मध्य प्रांत म्हणजे नकाशावर आपलाही मुलूख. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रांतात. (गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी.) ज्यांच्या नावाशी गोंदियाचे नाव जोडले जाते, त्या गोंडांसह इतर जमातींच्या चालीरीती, गाणी, कथा त्यांनी गोळा केल्या. एकटी बाई, 1940 च्या आसपासचा काळ, गाड्यांची सोय नाही. आज आपण गुगल मॅप लावूनही जिथे जायला कुरकुर करतो, तशा वस्त्यांपर्यंत त्या पोहोचल्या.

याच भटकंतीत घात झाला. विषारी सुरण त्यांच्या खाण्यात आला. शरीर इतके ढासळले की सुमारे सहा वर्षे त्यांना अंथरुणात काढावी लागली. ऐन उमेदीची वर्षे. डॉक्टरेट राहून गेली ती राहूनच गेली.

इथे थोडे थांबून हे कंदाचे प्रकरण समजून घेऊ. बाजारातल्या सुरणानेही घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून तर घरी सुरणाला चिंच किंवा आमसूल लागतेच. रानातल्या काही कंदांत याहून जहाल विष असते. जंगलाकाठची माणसे अशा कंदाचे पातळ काप करतात, उकळतात, वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मगच ताटात घेतात. कोणता कंद किती वेळ पाण्यात ठेवायचा, हे ज्ञान पिढ्यांनी जीव धोक्यात घालून मिळवलेले आहे. रानभाजीची रील पाहून थेट फोडणी देणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

मग 'ऋतुचक्र' आले

इतके भोगल्यावर एखाद्याने रानाचे नाव टाकले असते. दुर्गाबाईंचे उलटे झाले. 1956 मध्ये 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले. चैत्र ते फाल्गुन, बारा मराठी महिने आणि प्रत्येक महिन्यात झाडे, फुले, पाखरे, आकाश यांत होणारे बदल. त्यासाठी त्यांना अभयारण्य लागले नाही. मुंबईतली रोजची झाडेही त्यांना पुरली. कोणत्या झाडाला पालवी कधी फुटते, तिचा रंग कसा बदलत जातो, हे त्यांच्या बारीक नोंदीत आहे. कुंडीत रोप आणून चार दिवसांत पाणी द्यायला विसरणाऱ्या माझ्यासारख्याला हे पुस्तक थोडे लाजवते.

त्याच वर्षी 'लोकसाहित्याची रूपरेषा' आले. पुढे महाभारतावरचे 'व्यासपर्व' आले. वॉल्डन तळ्याकाठी राहिलेल्या थोरोचे पुस्तकही त्यांनी मराठीत आणले. 'पैस' हे नाव नेवाशाच्या त्या खांबावरून, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात. या पुस्तकाला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आणि स्वयंपाक? तो त्यांना मनापासून आवडायचा. 'खमंग' हे त्यांचे खाद्यपदार्थांवरचे पुस्तक. एवढ्या मोठ्या विदुषीने पाककृती लिहाव्यात याचे काहींना नवल वाटे. त्यांना मात्र महाभारत आणि फोडणी यांत वरचे-खालचे असे काही दिसत नसावे. भरतकाम-विणकामातही त्यांचा हात चालायचा.

कराड, 1975

जून 1975 मध्ये आणीबाणी लागली. डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष दुर्गाबाई. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. वृत्तपत्रांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात. अशा वेळी मंचावरून त्यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणे मांडली आणि अटकेत आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी उपस्थितांना प्रार्थना करायला लावली. सरकारमधला माणूस शेजारी बसलेला असताना!

1976 मध्ये त्यांना अटक झाली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय ही त्यांची रोजची बैठकीची जागा, तिथूनच त्यांना नेले गेले. त्या वेळी वय 66. सुटकेनंतरही सूर नरमला नाही. सरकारी मानसन्मान त्यांनी घेतले नाहीत.

फुलांवर आणि पदार्थांवर लिहिणारी बाई सत्तेपुढे एवढी ताठ कशी, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला असेल. पण ज्यांना पुस्तके, झाडे आणि आपली चूल एवढ्यात आनंद मिळतो, त्यांना आमिष तरी कशाचे दाखवणार? पद नको, पैसा नको, पुरस्कार नको. शिवाय सहा वर्षे अंथरुणात काढलेल्या माणसाला कोठडीचे भय ते किती वाटणार!

7 मे 2002 रोजी मुंबईत वयाच्या 92 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वाचायला कुठून सुरुवात करावी? 'ऋतुचक्र' पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. सध्या जो मराठी महिना चालू आहे, तो लेख उघडा. तो वाचून झाला की अंगणात नाहीतर बसस्टॉपवर जे झाड असेल, ते एकदा बघून या.