खुलताबादेत विसावलेला वजीर

वेरूळची लेणी पाहायला जाणारा प्रवासी दौलताबादचा किल्ला पाहतो, घाट चढतो आणि वाटेतले खुलताबाद बहुधा गाडीच्या खिडकीतूनच पाहून पुढे जातो. डोंगरमाथ्यावर तट आणि वेशी असलेले हे जुने शहर एवढे जवळ असूनही उपेक्षित राहावे, याचे नवल वाटते. उंद्रीहून चिखली, देऊळगाव राजा, जालना या मार्गाने निघाले, तर शनिवार-रविवारच्या सवडीत हे शहर निवांतपणे पाहून होते. दौलताबाद सोडल्यावर हातकागदासाठी प्रसिद्ध असलेले कागजीपुरा लागते, मग चढण, आणि वर पोचताच थंड वारा अंगाला लागतो. निजलेल्या स्थितीतील भद्रा मारुतीचे दर्शन घ्यावे, सूफी संतांच्या दर्ग्यांच्या शांत अंगणात बसावे. इथे कोणीही घाई करीत नाही. या गावाचे जुने नाव रौजा, म्हणजे समाधीचे स्थान. बादशहा औरंगजेबाची साधी उघडी कबर इथेच आहे, हैदराबादच्या पहिल्या निजामाची इथेच आहे, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहाही इथेच मातीआड झाला. पण माझे पाय वळले ते जरजरी जरबक्ष दर्ग्याजवळच्या एका घुमटाकडे. तिथे मलिक अंबर निजला आहे.

पाठ्यपुस्तकात मलिक अंबरला दोन-चार ओळी मिळतात, त्याही जमीनमहसुलाच्या प्रकरणात. त्याचे आयुष्य मात्र कोणत्याही कादंबरीला हेवा वाटावा असे होते.

इ. स. 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात तो जन्मला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात तो बगदादला पोचला. तेथील धन्याने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. शेवटी तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी आणि एके काळचा गुलामच होता. दख्खनच्या दरबारांत गुलामाला कर्तबगारीच्या बळावर वर चढण्याची वाट होती, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. धनी वारल्यावर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहिला, तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. 1595 च्या सुमारास तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते.

1600 साली चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. राज्य बुडाले असेच सर्वांनी मानले. अंबरने मात्र परांड्याला निजामशाही वंशातील मूर्तजाला गादीवर बसविले, स्वतःची मुलगी त्याला दिली आणि कारभार आपल्या हाती घेतला. पुढची सव्वीस वर्षे तो मोगलांशी झुंजला. समोरासमोरची लढाई टाळावी, रसद तोडावी, घाटाखिंडीत गाठावे, ही त्याची रीत. हे लढणारे हात बव्हंशी मराठ्यांचे होते. एका इंग्रज प्रवाशाच्या अंदाजाप्रमाणे त्याच्या सैन्यात दहा हजार हबशी, तर चाळीस हजार दख्खनी होते. शहाजीराजे याच तालमीतले.

आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न येतो. सिंदखेडचे लखुजी जाधव म्हणजे जिजाऊसाहेबांचे वडील, आपल्या अभिमानाचा विषय. ते काही अन्य सरदारांसह मोगलांना मिळाले. 1616 साली जालन्याजवळ रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि त्याने वसविलेले खडकी शहर मोगलांनी उद्ध्वस्त केले. जयंतीच्या भाषणांत हा भाग बहुधा गाळतात. गाळू नये असे मला वाटते. वतन, जहागीर आणि दरबारातील मानापमान यांनीच त्या काळी सरदारांच्या बाजू ठरत होत्या. 1624 च्या भातवडीच्या लढाईत तर जावई शहाजीराजे अंबरकडे आणि सासरे लखुजी मोगलांकडे होते. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतविली आणि मोगल व विजापूरकर यांच्या एकत्रित फौजेला धूळ चारली. शहाजीराजांचे बंधू शरीफजी त्या रणात पडले.

अंबर साधुसंत नव्हता. सुलतान त्याच्या मर्जीने राहत, आणि मूर्तजाचा अंत विषप्रयोगाने झाला तो अंबरच्याच हातून, असे त्या काळी बोलले जाई. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. मक्त्याने वसुली करणारे मधले लोक त्याने दूर केले, जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविला आणि गावच्या पाटलाला जबाबदार धरले. 1610 साली वसविलेल्या खडकीला त्याने डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले. नहरीवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. ती नहर-ए-अंबरी कित्येक पिढ्यांची तहान भागवीत राहिली. त्या शहराचे नाव मात्र टिकले नाही. खडकीचे फत्तेनगर झाले, 1653 साली औरंगाबाद, आणि 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे.

जहांगीर बादशहाला हा हबशी एवढा सलत होता, की भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. 14 मे 1626 रोजी, सुमारे ऐंशीव्या वर्षी, अंबर आपल्या मरणाने मेला. मरणानंतर मोगल दरबारच्याच इतिहासकाराने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. खुलताबादचा घुमट अंबरने हयातीतच बांधवून ठेवला होता, आणि जवळच पत्नी बीबी करीमाची कबर आहे. काळ्या दगडाची ही वास्तू घुमटाखेरीज फारशी सजलेली नाही. आत गेल्यावर पारव्यांच्या घुमण्याखेरीज काही ऐकू येत नव्हते.

तो गेल्यावर राज्याचा कणाच मोडला. निजामशाहीत परतलेल्या लखुजीरावांना 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, भर दरबारात, मुलानातवासह ठार करण्यात आले. अंबरचा मुलगा फत्तेखान याने 1633 साली तोच किल्ला मोगलांच्या हवाली केला, आणि उरलेले दिवस शहाजहानचे वेतन घेत लाहोरला काढले.