नोंदवही ठेवणारी परिचारिका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल



हातात कंदील घेऊन रात्री आजाऱ्यांच्या खाटांमधून फिरणारी बाई, हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेच असेल. ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. त्या कंदिलाइतकीच तिची नोंदवही मोलाची होती. पण नोंदवही चित्रात कोणी काढीत नाही! म्हणून आज कंदिलाची गोष्ट थोडी आणि नोंदवहीची जास्त सांगायची आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. आईवडील इंग्रज, घरची मोठी श्रीमंती. गावाचेच नाव मुलीला ठेवले. तिच्या थोरल्या बहिणीचेही तसेच. ती नेपल्सला जन्मली, तर नेपल्सचे जुने ग्रीक नाव पार्थेनोपी तिला दिले. वडिलांनी दोघींना घरीच शिकवले. लॅटिन, ग्रीक, इतिहास सगळे झाले, पण फ्लॉरेन्सला ओढ लागली ती गणिताची. मुलीच्या जातीला गणित कशाला, असे घरच्यांना वाटे. तिने हट्ट सोडला नाही.

दुसरा हट्ट याहून मोठा होता. तिला आजाऱ्यांची सेवा करायची होती. आज हे ऐकून आपल्याला नवल वाटणार नाही. पण त्या काळी इंग्लंडात दवाखान्यात काम करणाऱ्या बायांना मान नव्हता. ना शिक्षण, ना धड पगार, आणि त्या दारू पितात अशी सगळीकडे बदनामी. आई रडली, बहीण आजारी पडली, स्थळे आली आणि परत गेली. अशी वर्षे लोटली. शेवटी १८५१ साली जर्मनीत कायझर्सवर्थ येथे जाऊन तिने सुमारे तीन महिने काम शिकून घेतले. १८५३ मध्ये लंडनमधल्या स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची ती प्रमुख झाली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. इथून पुढे आपण त्यांना बाई म्हणू, अहोजाहो करू.

१८५४ मध्ये रशियाच्या विरुद्ध इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान असे क्रिमियाचे युद्ध पेटले. जखमी इंग्रज सैनिकांना बोटीने स्कुतारीला आणीत. हे ठिकाण आजच्या इस्तंबूल शहरात आहे. तिथल्या सैनिकांचे हाल वर्तमानपत्रात छापून आले आणि इंग्लंडात एकच ओरड झाली. मंत्री सिडनी हर्बर्ट बाईंना ओळखत होते. त्यांनी विनंती केली आणि बाई ३८ स्त्रियांना घेऊन ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुतारीला पोचल्या.

रुग्णालय कसले, ती एक जुनी प्रचंड छावणी होती. जमिनीवर ओळीने माणसे पडलेली. उंदीर सुळसुळताहेत, पांघरुणे नाहीत, कपडे धुवायची सोय नाही. बाईंनी स्वयंपाकघर सुरू केले, धुण्याची व्यवस्था लावली, फरशा घासून घेतल्या. लष्करी डॉक्टरांना आधी या बायकांची लुडबुड नको होती. पुढे रुग्णांची रीघ लागली तेव्हा त्यांनीच बोलावले. रात्री बाई कंदील घेऊन फेरी मारीत. मेलेल्या सैनिकांच्या घरी स्वतः पत्रे लिहीत.

आता नीट ऐका, कारण पुष्कळ पुस्तकांत इथे घाई केलेली असते. बाई आल्या आणि लगेच मरण थांबले असे झाले नाही. उलट त्या हिवाळ्यात मरण वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या दर शंभरांमागे ४२ माणसे दगावत होती. बाई आणि त्यांच्या सोबतिणी राबत होत्या तरीही! मार्चमध्ये सरकारने स्वच्छतेची पाहणी करायला माणसे पाठवली. त्यांना काय दिसले? इमारतीच्या खाली तुंबलेली गटारे, आणि पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा. त्यांनी गटारे धुऊन काढली, घाण गाड्यांनी वाहून नेली, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. जूनमध्ये तोच आकडा शंभरास दोनवर आला.

१८५६ साली बाई घरी परतल्या. सगळा देश त्यांचे गुणगान करीत होता. मिरवणुका त्यांनी टाळल्या. क्रिमियात त्यांना कडक ताप आला होता, त्यातून प्रकृती पुरती सुधारली नाही, आणि पुढची कितीतरी वर्षे खोलीतच, बऱ्याचदा अंथरुणावर गेली. पण तिथे बसून त्यांनी काय केले, तर हिशेब मांडला. इतकी माणसे मेली ती कशाने? मदतीला विल्यम फार नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. कोष्टके पूर्ण झाली तेव्हा दिसले, की गोळीने आणि तलवारीने मेले ते थोडे. हगवण, पटकी, विषमज्वर यांनीच कितीतरी पटीने जास्त नेले. आणि हे रोग टाळता येण्यासारखे होते.

नुसते आकडे मंत्र्यांना कंटाळवाणे वाटतील हे बाई जाणून होत्या. म्हणून १८५८ साली त्यांनी एक आकृती छापली. भाकरीचे बारा तुकडे करावेत तसे वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग. ज्या महिन्यात मरण जास्त, तो तुकडा मोठा. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ चा निळा तुकडा एवढा बाहेर आला आहे, की ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावे. आपल्या वर्गात हजेरीची अशी आकृती काढून बघण्यासारखी आहे. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद.

१८६० मध्ये लोकांनी जमवलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बाईंची परिचारिका शाळा सुरू झाली. आपल्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई जे रीतसर शिक्षण घेऊन येतात, त्याची एक जुनी वाट त्या शाळेपर्यंत जाते.

पण मला सगळ्यात जास्त धीराची वाटते ती पुढची गोष्ट. सुईणींना शिकवण्यासाठी किंग्ज कॉलेज रुग्णालयात बाईंच्याच निधीतून बाळंतिणींचा एक विभाग चालवला होता. तिथे बाळंतरोगाने स्त्रिया दगावू लागल्या. १८६७ मध्ये तो विभाग बंद करण्यात आला. स्वतः उभे केलेले काम मोडायला कोणालाही जड जाते. बाई गप्प बसल्या नाहीत. ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली पुस्तक काढून दाखवले, की त्या काळच्या प्रसूतिगृहांत घरच्यापेक्षा जास्त बाळंतिणी मरत होत्या. (आजची गोष्ट निराळी आहे. निर्जंतुक हत्यारे आणि औषधे आली, म्हणून आता बाळंतपण दवाखान्यातच करावे. आयांनो, उलटा अर्थ घेऊ नका!)

बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या छावण्यांना प्रश्नांचे कागद पाठवून त्यांनी माहिती मागवली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, किती आजारी, किती मेले. १८६३ साली अहवाल निघाला. इथे इंग्रज सैनिक वर्षाला हजारी ६९ मरत होते. सुधारणा झाल्यावर दहा वर्षांनी हा आकडा १८ वर आल्याचे बाईंनी मांडले. पुढे त्यांचे लक्ष सैनिकांवरून रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्याचे कर्ज यांवर त्या लिहीत राहिल्या. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मधल्या चरित्राला त्यांची प्रस्तावना आहे, आणि १८९४ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध लिहिला.

म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. थोरामोठ्यांच्या शेजारी, वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात पुरण्याची तयारी सरकारने दाखवली होती. घरच्यांनी बाईंच्या इच्छेप्रमाणे नाही म्हटले. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो या खेड्यात, घराण्याच्या थडग्यात त्यांना ठेवले. दगडावर नावाची दोन आद्याक्षरे आहेत, जन्माची आणि मृत्यूची तारीख आहे. पूर्ण नाव नाही.