कापराच्या झाडाचे नाव ल्यालेला माणूस

आपण आरतीला कापूर जाळतो. हा कापूर पूर्वी ज्या झाडाच्या लाकडातून काढत, ते झाड जपानच्या दक्षिण भागात अवाढव्य वाढते. वाकायामा प्रांतातल्या फुजिशिरो या जुन्या देवस्थानात अशा झाडांना देव मानतात आणि पूर्वी मूल जन्मले की त्याच्यासाठी तिथले नाव घेत. कापराच्या झाडाला जपानीत ‘कुसु’ म्हणतात. भांड्याकुंड्यांचे व्यापारी याहेई मिनाकाता यांना १८ मे १८६७ रोजी मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले कुमागुसु. म्हणजे अस्वल आणि कापराचे झाड, दोन्ही त्याच्या नावात आले. चार वर्षांचा असताना मुलगा जिवावरच्या दुखण्यात सापडला, तेव्हा घरच्यांनी त्याला उचलून याच झाडापुढे नेले. पुढे म्हातारपणापर्यंत कापराचे झाड दिसले की त्याच्या मनात काहीतरी हलत असे.

मुलगा विलक्षण होता. शेजाऱ्यांकडे १०५ खंडांचा एक जुना सचित्र ज्ञानकोश होता. तिथे बसून तो वाचायचा, लक्षात ठेवायचा आणि घरी येऊन चित्रांसकट उतरवून काढायचा, असे सांगतात. शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही. टोकियोत नात्सुमे सोसेकी आणि मासाओका शिकी हे पुढे नावारूपाला आलेले साहित्यिक त्याचे वर्गबंधू होते. पण १८८६ साली त्याने शिक्षणावर पाणी सोडले आणि अमेरिकेची बोट पकडली. तिथे, मग क्युबात, मग लंडनमध्ये तो बुरशी आणि शेवाळे गोळा करत राहिला. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात आयुष्यभरात त्याचे पन्नासएक लेख आले. स्वभाव मात्र भडक. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातच एकावर हात उचलल्यामुळे अखेर तिथले दार त्याला बंद झाले. १९०० साली पदवी नाही, पैसा नाही, अशा अवस्थेत स्वारी मायदेशी परतली.

तीन वर्षे नाचीच्या जंगलात काढून १९०४ मध्ये कुमागुसु तानाबे या समुद्रकाठच्या गावी स्थिरावले. दोन वर्षांनी तिथल्या एका पुजाऱ्याच्या मुलीशी, मात्सुए यांच्याशी, त्यांचे लग्न झाले. संसार सुरू झाला आणि त्याच १९०६ साली सरकारने एक फर्मान काढले.

फर्मान देवळांविषयीचे होते. गावोगावची लहान देवळे मोठ्या देवळांत विलीन करायची, शक्यतो एका गावाला एकच देऊळ. ज्याच्याजवळ ठरावीक निधी नाही ते बंद. आपल्याकडे देवराईत वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नाही, तशीच तिथे प्रत्येक देवळाभोवती शेकडो वर्षांची राई असे. देव हलवला की राईला वाली उरत नसे. जमीन मोकळी, लाकूड विकायला मोकळे! कागदावर सगळा कारभार धार्मिक सुधारणेचा. प्रत्यक्षात झाडे पाहून डोळे कोणाचे लकाकले असतील, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. काही वर्षांत देशभरात सुमारे ७० हजार देवळे गेली. वाकायामा आणि शेजारच्या मिए प्रांतात तर कहर झाला.

तानाबेजवळ इतोदा इथे वानरदेवाचे एक छोटे ठाणे होते. तिथल्या एका झाडावर कुमागुसुंना स्लाइम मोल्डची एक नवी जात सापडली होती. हा ओल्या, कुजक्या लाकडावर वाढणारा, ना धड वनस्पती ना धड प्राणी असा जीव त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. पुन्हा गेले तर देव हलवलेला आणि झाडे तोडलेली.

१९०९ पासून त्यांनी गावच्या वर्तमानपत्रातून तोफ डागली. त्यांचे मुद्दे आज वाचले तरी ताजे वाटतात. राई गेली की पाखरे जातात, पाखरे गेली की पिकांवर किडी पडतात. किनाऱ्यावरची सावली गेली की मासळी दूर जाते. आणि म्हाताऱ्या माणसाला नमस्कारासाठी कोसभर चालावे लागले की तो घरीच बसतो. १९११ साली प्रांताच्या गव्हर्नरला लिहिताना त्यांनी ‘इकॉलॉजी’ हा शब्द वापरला, तेव्हा जपानात तो फारच थोड्यांना ठाऊक असेल.

युक्तिवाद सभ्य होता, पण माणूस तोच होता. ऑगस्ट १९१० मध्ये दारू पिऊन ते एका सरकारी व्याख्यानसभेत घुसले. विलीनीकरणाची तळी उचलणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांना जाब विचारायचा होता. नमुन्यांनी भरलेली पिशवीच त्यांनी सभेत भिरकावली. अडीच आठवडे कोठडी झाली. तिथेही त्यांनी स्लाइम मोल्ड शोधून काढला म्हणतात!

पुढच्या वर्षी लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी त्यांची दोन लांबलचक पत्रे छापून राजधानीतल्या मान्यवरांना वाटली आणि विषय देशभर गेला. कुमानोच्या यात्रामार्गावर नोनाका गावी सुमारे आठशे वर्षांचे देवदारासारखे सुगी वृक्ष होते. त्यांच्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेला नाचीच्या दिशेने वाढलेल्या. त्यांतले बरेच तोडले गेले, पण कुमागुसुंच्या धडपडीमुळे थोडके वाचले. यात्रेकरू आजही त्यांच्याखाली थांबतात.

पण हिदाका भागात ओयामा नावाचे एक देऊळ होते. वडिलांच्या जन्मगावचे, म्हणजे मिनाकातांचे कुलदैवतच म्हणा ना. त्याच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, गावातल्या नातलगाला धीर दिला. गावातच फूट पडली आणि १९१३ साली ते देऊळ विलीन झाले. दुसऱ्यांच्या गावची झाडे राखणाऱ्याला बापाच्या गावचे देऊळ राखता आले नाही. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने ही मोहीम थांबवावी असे ठरवले ते १९२० साली.

१ जून १९२९ रोजी स्वतः जीवशास्त्राचे अभ्यासक असलेले सम्राट हिरोहितो तानाबेच्या उपसागरात आले. कुमागुसुंनीच तोडीपासून वाचवलेले काशिमा बेट त्यांनी पाहिले. मग युद्धनौकेवर कुमागुसुंनी त्यांना स्लाइम मोल्डचे ११० नमुने भेट दिले, तेही कॅरॅमल गोळ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत. दरबारी रीत वेगळी होती, पण सम्राटांना ते आवडले. पुढच्या वर्षी बेटावर या भेटीचे स्मारक उभे राहिले.

त्या दिवसांत घरच्या अंगणातला बकाणनिंब जांभळ्या फुलांनी भरला होता. २९ डिसेंबर १९४१ रोजी कुमागुसु गेले. अखेरच्या दुखण्यात छतभर तीच फुले फुललेली त्यांना दिसत होती, असे सांगतात. घरच्यांनी डॉक्टरांना बोलवायचे म्हटले तेव्हा ते नको म्हणाले. डॉक्टर आले की फुले नाहीशी होतील, अशी त्यांना भीती होती.