होमी भाभांनी बारसं केलेला कण दुसऱ्याच घराण्यातला निघाला!

महाडच्या एसटी स्टँडवर तळहात आडवा धरून उभे राहा. साधारण दर सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो. अवकाशातले वैश्विक किरण वर हवेवर आदळले की हे कण तयार होतात. याच कणाने होमी भाभांसकट भल्याभल्यांना चकवलं होतं.

भाभा मुंबईचे, जन्म 1909 चा. 1927 मध्ये ते केंब्रिजला गेले इंजिनिअरिंग शिकायला. ते पूर्ण केलं आणि मग फिजिक्सकडे वळले. झुरिकला पाउलींकडे, रोमला फर्मींकडे काम केलं.

याच फर्मींच्या नावावरून आला फर्मिऑन. इलेक्ट्रॉन, प्रोटॉन हे फर्मिऑन. त्यांचा कारभार पोलादपूरच्या एसटीसारखा, पण कंडक्टर फार कडक: एका सीटवर एकच. दोन फर्मिऑन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउलींचा नियम. म्हणून तर अणूत इलेक्ट्रॉन एकावर एक थर लावून बसतात आणि वस्तू जागा व्यापतात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे बोसॉन मात्र सगळे एकाच सीटवर बसले तरी तक्रार नाही. प्रकाशाचे कण असे एकाच अवस्थेत जमले की लेझर होतो. हा फरक येतो स्पिनमुळे. फर्मिऑनचा स्पिन अर्ध्यात, म्हणजे 1/2, 3/2 असा, तर बोसॉनचा पूर्णांकात.

1935 मध्ये जपानच्या युकावांनी सांगितलं, अणुकेंद्र बांधून ठेवणारा एक कण असला पाहिजे. तो बोसॉन असणार होता. दोनेक वर्षांत वैश्विक किरणांत इलेक्ट्रॉनच्या सुमारे 200 पट जड कण सापडला. सगळ्यांना वाटलं, हाच तो! भाभांनीही तो बोसॉन धरून गणित मांडलं आणि 1939 मध्ये त्याला सुटसुटीत नाव सुचवलं, मेसॉन.

1947 पर्यंत उलगडा झाला. हा कण अणुकेंद्राला जवळजवळ भीकच घालत नव्हता. युकावांचा कण वेगळाच होता, पायॉन. भाभांचा 'मेसॉन' निघाला फर्मिऑन, इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ! त्याला आता म्युऑन म्हणतात. मेसॉन हे नाव पायॉनच्या कुटुंबाकडे गेलं आणि तिथे टिकलं.

पण 1938 मधलं भाभांचं एक म्हणणं पक्कं बसलं. असा कण प्रचंड वेगात असेल तर आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार आपल्याला त्याचं आयुष्य लांबलेलं दिसेल. म्युऑन एरवी सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात जेमतेम 660 मीटर कापता येतात, आणि तो जन्मतो कित्येक किलोमीटर वर. तरीही महाडच्या तळहातापर्यंत पोचतो.