एक डोळा गमावूनही त्याने दगडांच्या पोटातली मूलद्रव्यं शोधली! चांद्रयान-३ नेही २०२३ मध्ये त्याचीच युक्ती वापरली

मंडळी, शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर आठवतोय? निळ्या ज्योतीचा, खाली हवेसाठी भोक असलेला. त्याला 'बुन्सेन बर्नर' म्हणतात हेही आठवत असेल. पण हा बुन्सेन नक्की होता तरी कोण?

रॉबर्ट बुन्सेन यांचा जन्म १८११ साली जर्मनीतल्या गॉटिंगेन शहरात झाला. तरुणपणी ते आर्सेनिकच्या संयुगांवर काम करत होते. त्यातलं कॅकोडिल हे संयुग भयंकर विषारी, शिवाय हवेत आपोआप पेट घेणारं. एके दिवशी त्याचा स्फोट झाला आणि बुन्सेन यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. आर्सेनिकच्या विषबाधेने ते मरता मरता वाचले. गंमत बघा, आर्सेनिकवरचा उतारा १८३४ मध्ये त्यांनी स्वतःच एका सहकाऱ्यासोबत शोधला होता!

दुसऱ्या कुणी प्रयोगशाळेचं तोंडही पाहिलं नसतं. बुन्सेन मात्र उरलेल्या एका डोळ्याने प्रकाशाचाच अभ्यास करायला बसले.

१८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग विद्यापीठात त्यांनी पीटर डेसागा या कारागिराकडून तो प्रसिद्ध बर्नर बनवून घेतला. त्याच्या ज्योतीला स्वतःचा रंग जवळपास नव्हताच. त्यामुळे त्यात मीठ टाकलं की सोडियमचा पिवळा रंग स्वच्छ दिसायचा. बुन्सेन यांनी या बर्नरचं पेटंट घेतलं नाही.

पण दोन पदार्थांचे रंग सारखेच दिसले तर? इथे त्यांचे मित्र गुस्ताव किरखॉफ मदतीला आले. ज्योतीचा प्रकाश प्रिझममधून पाहा, असं त्यांनी सुचवलं. मग दोघांनी प्रिझम, सिगारचा डबा आणि जुन्या दुर्बिणींचे तुकडे जोडून वर्णपटदर्शक तयार केला. त्यातून कळलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात, अगदी बोटांच्या ठशांसारख्या.

१८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. हे होतं सीझियम. ४० टनांहून जास्त पाणी आटवल्यावर त्याचा जेमतेम काही ग्रॅम क्षार हाती लागला. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट या खनिजात गडद लाल रेषा सापडल्या आणि रुबिडियमचा शोध लागला.

आता आजच्या काळात या. ज्योतीची जागा लेझरने घेतली आहे. लेझरचा अगदी क्षणिक पण तीव्र झोत दगडावर पडतो, तिथला टाचणीच्या टोकाएवढा भाग तापून त्याचा प्लाझ्मा होतो आणि तो चमकतो. त्या प्रकाशातल्या रेषा वाचल्या की दगडात कोणती मूलद्रव्यं आहेत ते समजतं. या पद्धतीचं नाव 'लिब्स'. मंगळावरचा क्युरिऑसिटी रोव्हर तर सुमारे ७ मीटर अंतरावरूनच दगड तपासतो. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने याच तंत्राने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याची खात्री केली.

बुन्सेन आयुष्यभर अविवाहित राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी आवडीच्या भूगर्भशास्त्रात मन रमवलं आणि १८९९ मध्ये हायडेलबर्गमध्येच त्यांचं निधन झालं.

तर मंडळी, घरात कुणी दहावी-बारावीची प्रॅक्टिकल करत असेल, तर बर्नरमागची ही गोष्ट त्यांना नक्की सांगा!